‘लाईन’चे तुमच्याकडे कोणकोणते अर्थ चालतात?

गवंड्याची लेक

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात आठवीच्या धड्यात ‘लाईन’ हा शब्द आला. यात शिकवायचं काय, पोरांना तो जन्मापासून माहीत आहे, असं मला वाटलं. तरी सवयीने विचारलं, "लाईन म्हणजे काय रे?" एकदम सहा-सात हात वर झाले. एकाने रेघ सांगितली, एकीने रांग. तिसरा म्हणाला, "बाई, लाईट." चौथ्याचे वडील ट्रकवर आहेत. तो म्हणाला, "बाबा लाईनला गेलेत, शनिवारी येणार." एका मुलीची आत्या पोलीस लाईनीत राहते. मागच्या बाकावरचे दोघे एकमेकांना कोपरखळ्या मारत हसत होते. त्यांच्या मनातला अर्थ मी विचारला नाही, पण तोही अर्थच की.

मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. एकही उत्तर चुकलेलं नव्हतं आणि फळ्यावर कुठलं लिहावं ते कळेना.

घरी येऊन वाचत बसले. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सगळ्यात जास्त अर्थांचा मान बरीच वर्षं ‘सेट’ या शब्दाकडे होता. १९८९च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ आहेत आणि नुसत्या त्या एका नोंदीत साधारण ६०,००० शब्द. पुढे ‘रन’ या क्रियापदाने त्याला मागे टाकलं. ६४५ अर्थ! ते लावायला पीटर गिलिव्हर या कोशकारांना नऊ महिने लागले. या आकड्यांनी थक्क व्हायला होतं, पण मला प्रश्न वेगळा पडला होता. एका शब्दाचे इतके अर्थ असतात, ते एकमेकांचे कोण लागतात?

‘लाईन’च्या बाबतीत उत्तर मिळालं, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. आपलं चटणीचं जवस, अळशी. त्याच्या ताटांपासून धागा निघतो, तो धागा म्हणजे ‘लिनिआ’, आणि तीच पुढे इंग्रजीत ‘लाईन’ झाली. म्हणजे लाईन आधी कागदावर नव्हतीच, ती हातात होती. जवसाच्या सुताची दोरी. ती ताणून धरली की सरळ रेघ दिसते, म्हणून रेघ. रेघेत माणसं उभी केली की रांग. शब्द एका रेघेत लिहिले की ओळ. बाप, मुलगा, नातू एका धाग्यात ओवले की घराणं. ‘लिनन’ हे कापड त्याच घरचं, ‘लिनसीड’ तेलही. कपड्याला आतून लिनन लावायचे म्हणून ‘लायनिंग’. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण जे "लायनिंग लावा" म्हणतो ना, तेसुद्धा जवसच.

हे वाचलं आणि मी उठून कोपऱ्यातली वडिलांची पिशवी उघडली. वडील गवंडी, आता थकलेत. पिशवीत थापी, रंधा, ओळंबा, गुण्या आणि तळाशी लाईनदोरी. दोन खिळे आणि त्यांच्यावर गुंडाळलेला पिवळा नायलॉनचा दोरा. सिमेंट बसून बसून तो जागोजाग पांढरा आणि कडक झालेला. भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकायचे, दोरा ताणायचा, बोटाने एकदा तंतूसारखा छेडायचा आणि मग त्याच्याखाली एकेक वीट बसवत जायची. लहानपणी मी तो दोरा छेडायला पळत जायचे आणि ओरडा खायचे, कारण तो हलला की वीट हलते.

लाईनदोरी! हा शब्द मी चाळीस वर्षं ऐकतेय. लाईन म्हणजेच दोरी. इंग्रजीने दोरीची रेघ केली आणि आमच्या गवंड्यांनी त्या रेघेला पुन्हा दोरी बांधली. त्यांना कुणी लॅटिन शिकवलं नव्हतं.

आमचं घर कसबा बावड्यात, लाईन बाजारात. पत्त्यातही लाईन आहेच. तर सांगा, तुमच्या गावात, तुमच्या कामात लाईन म्हणजे काय? मला वर्गात न्यायचंय.

हार्बरची खिडकी

ताई, मुंबईत "कुठे राहता?" च्या आधी "कुठल्या लाईनला?" हा प्रश्न येतो. सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर. लग्न जमवताना आणि नोकरी शोधताना आधी लाईन बघतात, कारण लाईन बदलायची म्हणजे दादर किंवा कुर्ल्याचा पूल आलाच. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती आमची मेन लाईन. देशातली पहिली विजेवरची गाडी मात्र ३ फेब्रुवारी १९२५ला हार्बरने धावली, व्हीटी ते कुर्ला. हार्बरवाल्यांना सगळे नेहमी मागे ठेवतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

रविवारच्या मेगाब्लॉकच्या बातमीत ‘धीम्या मार्गावर’ छापतात आणि फलाटावर आपण "स्लो लाईनला वळवली का?" असं विचारतो. मेट्रोला सरकारी कागदात ‘मार्गिका’ आहे. ऐकायला छान शब्द आहे, पण "कुठल्या मार्गिकेला राहता?" असं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

एक गैरसमज मात्र दूर करतो. मरीन लाईन्समधल्या लाईन्स रेल्वेच्याही नाहीत आणि समुद्रकाठाच्याही नाहीत. तिथे मरीन बटालियनच्या लाईन्स होत्या, म्हणजे शिपायांच्या राहण्याच्या रांगा. नागपूरच्या सिव्हिल लाईन्स मुलकी साहेबांच्या. पोलीस लाईन त्यातलीच. तुमच्या मुलीची आत्या आणि मरीन लाईन्स स्टेशन एकाच अर्थाखाली येतात.

मराठी बाणा

बाई, लेख आवडला, पण काळजीने एक गोष्ट लिहितो. मी निवृत्त मराठी शिक्षक. ‘लाईन’चे इतके अर्थ आहेत याचं कौतुक करताना त्या प्रत्येक अर्थासाठी आपल्याकडे वेगळा शब्द होता, हे पोरांना सांगाल ना?

आपण रेघ ओढतो, ओळ लिहितो, रांग लावतो. पंगत बसते. पेरणीत तास धरतात, खुरपायला बाया पात धरतात. गुरं दावणीला बांधतात. दिवाळीतही दिव्यांची आवली म्हणजे ओळच आहे. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पंगतीला रांग म्हटलं तर जेवणाची चव जाते. रांगेत माणूस पुढच्याच्या पाठीकडे बघतो, पंगतीत समोरच्याच्या ताटाकडे. हा फरक आपल्या भाषेने टिपून ठेवलाय. इंग्रजीत एका शब्दावर भागतं, म्हणून आपणही भागवायला लागलो, तर बाकीचे आठ-नऊ शब्द उपाशी मरतील.

नातवाला मी "ओळीने बस" म्हणालो तर तो "लाईनीत ना आजोबा?" म्हणाला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

काळी माती

सर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पात आणि तास हे शब्द आमच्या वावरात अजून जित्ते आहेत, त्यायची काळजी नका करू. तिथं कोणी लाईन म्हणत नाही.

पण आमच्या यवतमाळकडं ‘लाईन’ म्हणजे वीज. "लाईन गेली", "लाईन आली". पुण्यामुंबईचे लोक लाईट गेली म्हणतात, पण आम्हाला दिव्याचं काय करायचं? दिव्याबिगर माणूस जगते, मोटरीबिगर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, जगत नाही. शेतीची थ्री फेज लाईन पाळीनं येते. दिवसाची आठ तास, नाहीतर रात्रीची दहा तास. "तुमची या हप्त्यात कोणती लाईन आहे?" हे इथं रामराम झाल्यावरचं दुसरं वाक्य असते.

रात्रीची लाईन म्हणजे काय, ते लिहितो. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायचं असते. लाईन रात्री येते, म्हणून माणूस जेवून, कानाला दुपट्टा बांधून, बॅटरी अन् काठी घेऊन वावरात जाते. विहिरीवर बसून राहायचं. स्टार्टरवरचे तिन्ही दिवे लागले की बटण दाबायचं. पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की चिखलात पाय घालून दुसरीचं तोंड फोडायचं. मधात लाईन गेली की मोटर बंद, अन् परत येईपर्यंत थंडीत तसंच बसा. सापाचं भेव वेगळंच. आमच्या लाईनमनले आम्ही नावानं नाही, लाईनमन भाऊ म्हणूनच हाक मारतो. पावसात खांबावर चढते तो माणूस.

त्यायच्या खात्याच्या कागदावर वीजवाहिनी लिहिते. वाहिनी चांगलाच शब्द आहे सर, पण अंधारात ओरडून विचारायले "आली का?" एवढंच पुरते.

अन् जवसाचं वाचून लय आनंद झाला ताई. आमच्या मायच्या हातची जवसाची चटणी अन् ज्वारीची भाकर. लाईन त्यातून निघाली हे आजच समजलं.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे लाईन म्हणजे शिरेत घातलेली नळी. "लाईन लावली का?", "लाईन ब्लॉक आहे", "सेंट्रल लाईन टाकायची आहे". मानेतल्या किंवा गळ्याखालच्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेतात ती सेंट्रल लाईन.

काळी माती दादांचं वाचून एक रात्र आठवली. विदर्भातून आलेल्या एक मावशी होत्या, त्यांचा मुलगा व्हेंटिलेटरवर. मी सहकारी मुलीला म्हणाले, "याची लाईन गेली, नवीन लावावी लागेल." हाताची सुई शिरेबाहेर आली होती, एवढंच. मावशींनी एकदम वर दिव्यांकडे पाहिलं, मग यंत्राकडे, आणि किंचाळून मुलाच्या छातीवर हात ठेवला. त्यांच्या भाषेत लाईन गेली म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे मुलाचा श्वास थांबला. दिवे जळत होते, यंत्र चालू होतं, तरी त्यांना ते दिसत नव्हतं. मला काय झालं हे कळायलाच अर्धं मिनिट लागलं. मग मी त्यांचा हात धरून नळी दाखवली.

त्या दिवसापासून नातेवाईकांसमोर मी लाईन म्हणत नाही. "शिरेतली नळी" म्हणते. नव्या मुलींनाही तेच सांगते.

आणखी एक. वॉर्डातल्या चादरी, उशांचे अभ्रे यांना आम्ही ‘लिनन’ म्हणतो. लिनन रूम, लिनन बदलणे. टाके घालायलाही लिननचा धागा वापरतात. म्हणजे पलंगावर लिनन, जखमेला लिनन आणि शिरेत लाईन. एकाच खाटेवर जवस तीन ठिकाणी. इतकी वर्षं हे सगळं हाताळते आहे, आज पहिल्यांदा एकत्र दिसलं.

गवंड्याची लेक

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ गप्प बसले. शब्दाचे अर्थ अनेक असतात हे मी वर्गात मजेचा भाग म्हणून सांगणार होते. त्या मावशींची गोष्ट सांगू का मुलांना? नाव-गाव काही न घेता.

बाणा सर, पंगत आणि रांगेतला फरक तुम्ही जसा सांगितलात तसाच्या तसा फळ्यावर लिहीन. पण मला वाटतं, जी वस्तूच नवी आली, तार, रूळ, नळी, तिच्याबरोबर लाईन हा शब्द आला आणि बसला. तो कुणाच्या जागेवर बसलेला नाही. रांगेच्या जागी मात्र तो घुसलाय, हे मान्य.

रात्रपाळी

सांगा ना. जरूर सांगा.

चार सूत

बांधकामावर सुपरवायझर आहे. लाईनदोरीवरून आमच्या साइटवरचे बाकीचे शब्द देतो. प्लॉटवर पहिल्या दिवशी ‘लाईनआऊट’ करतात. इंजिनिअरच्या नकाशावरून जमिनीवर दोऱ्या ताणायच्या, त्यांच्यावरून फक्की मारायची, दोरी उचलली की पांढरी रेघ राहते. त्या रेघेवर खोदाई. काटकोन तपासायला एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजून खुणा करायच्या. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर काम गुण्यात आहे.

हे फार जुनं आहे. वैदिक काळात यज्ञाची वेदी मांडायचं गणित ज्या ग्रंथांत आहे त्यांना शुल्बसूत्रं म्हणतात, आणि शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाने आयताच्या कर्णाचा नियम सांगितला तोही दोरीच्या भाषेत. म्हणजे जवसाच्या दोरीतून त्यांची भूमिती निघाली, आपली दुसऱ्या दोरीतून.

आणि आपला ‘सूत’ बघा. हार्डवेअरच्या दुकानात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. चार सुती सळई म्हणजे अर्धा इंच, आताची १२ मिलिमीटर. इंग्रजीतही लाईन हे माप होतं, इंचाचा बारावा भाग. दोन्ही भाषांनी धाग्याची जाडी मोजायला घेतली. सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला. सूत धरतो तो सुतार, आणि नाटकाची सूत्रं धरतो तो सूत्रधार. सूत जुळणं, सुतावरून स्वर्ग गाठणं, सगळं एका रिळावरचं. बाणा सर, आपल्या ‘सुता’चे अर्थ मोजले तर इंग्रजांच्या लाईनच्या बरोबरीला येतील.

काजं-बटणं

शर्टाच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे बटणाचं माप अजून लाईनमध्येच चालतं. ही लाईन मात्र वेगळी, ४० लाईनचा एक इंच. शर्टाच्या पुढच्या पट्टीला १८ लाईनचं बटण, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. कोटाला त्याहून मोठं. ‘प्रॉडक्शन लाईन’ म्हणजे मशिनींची रांग: कॉलरवाली, कफवाली, बाहीवाली. "आज लाईन बसली" म्हणजे काम अडलं. त्यामुळे एकाच शर्टात लाईनचं बटण, लाईनवरची शिलाई आणि आत लायनिंग.

बावखल

मी वसईचा. "कुठल्या लाईनला आहेस?" म्हणजे कुठल्या धंद्यात, हा अर्थ कुणी अजून दिला नाही म्हणून लिहितो. मला तो आमच्या घरातल्या पुस्तकात सापडला.

१६११च्या इंग्रजी बायबलमध्ये पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, दहाव्या अध्यायात, ‘दुसऱ्या माणसाची लाईन’ असे शब्द आहेत. पौल म्हणतोय की दुसऱ्याला नेमून दिलेल्या क्षेत्रातल्या कामाची बढाई मी मारणार नाही. मूळ ग्रीक शब्द आहे ‘कॅनॉन’, म्हणजे मापाची काठी, आखून दिलेली हद्द. इंग्रजी वाचणाऱ्यांनी त्या वाक्याचा अर्थ थोडा वेगळा घेतला आणि लाईन म्हणजे ज्याचं त्याचं काम, ज्याचा त्याचा धंदा, असा अर्थ रुळला असावा, असं ऑक्सफर्डच्या कोशकारांना वाटतं.

आपल्याकडे बाप मुलाला सांगतो, "ही लाईन चांगली नाही, सोड." आमच्या वाडीत अर्ध्या घरांतून हे वाक्य ऐकू येतं, कारण फुलं आणि भाजीची लाईन सोडून पोरं नोकरीच्या लाईनला लागली.

ऑफस्टंपच्या बाहेर

क्रिकेटमधली लाईन आणि लेंथ सगळ्यांना माहीत आहे. चेंडू कुठल्या स्टंपाच्या रोखाने आला ती लाईन, किती लांब टप्पा पडला ती लेंथ. मला बॅटबद्दल सांगायचंय. नवी बॅट आणली की तिला जवसाचं कच्चं तेल लावून आडवी ठेवतात, मग हलक्या हाताने ठोकतात. उकळलेलं तेल चालत नाही. मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी मला ते तेल चिंधीने लावायला शिकवलं. आज कळलं की लाईनमध्ये येऊन खेळायचं ते जवसाच्या तेलाची बॅट घेऊनच.

कृष्णाकाठ

सांगलीकर. आमच्याकडे पूररेषा आहेत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकतो त्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकतो त्याची. नकाशावर दोन्ही आखलेल्या असतात, जमिनीवर दिसत नाहीत. आमचं घर निळ्या आणि लालच्या मध्ये आहे. २०१९ला पहिल्या मजल्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं. भिंतीवर त्याची चिखलाची रेघ उमटली. रंग दिला तरी आई ती जागा बोटाने दाखवते.

सगळ्यांचं वाचताना एक जाणवलं. इथे कुणी ‘पूरलाईन’ म्हणत नाही. दारिद्र्यरेषा, नियंत्रण रेषा, लक्ष्मणरेषा, पूररेषा. डोळ्यांना न दिसणारी, मानलेली जी असते तिला आपण रेषा म्हणतो. हाताला लागते ती लाईन: तार, रूळ, नळी, दोरी, चाळीची रांग. आणि खरोखर उमटलेली असेल तर रेघ. मराठीने लाईनला घरात घेतलं, पण कुठल्या खोलीत बसवायचं ते आपणच ठरवलंय.

मराठी बाणा

कृष्णाकाठ, आपण म्हणता ते मी तीस वर्षं शिकवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भूमितीच्या पुस्तकातही रेषाच आहे, दोन्ही बाजूंना अमर्याद, जाडी नसलेली. ती न दिसणारीच. रेघ मात्र पेन्सिलीने काढतात. आज मन थोडं हलकं झालं.

शेवटचं पान

वृत्तपत्रात काम केलंय. कृष्णाकाठच्या नियमाला एक अपवाद: डेडलाईन. न दिसणारी आहे, तरी आपण तिला रेषा म्हणत नाही. पण ती सुरुवातीला दिसणारीच होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती. कुंपणाच्या आत थोड्या अंतरावर खांब रोवून त्यांवर आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. तीच ‘डेड लाईन’. पुढे पन्नासेक वर्षांत ती बातमीच्या वेळेला चिकटली. हे कळल्यापासून नव्या वार्ताहराला "डेडलाईन चुकली तर बघ" असं दरडावणं मी सोडलं. "पान सोडायची वेळ" म्हणायला लागलो.

जर्सी सिटी

न्यूयॉर्क परिसरातून एक भर. ब्रिटिश लोक रांगेला क्यू म्हणतात, अमेरिकन लोक लाईन. बाकी अमेरिका ‘इन लाईन’ उभी राहते, पण न्यूयॉर्कचे जुने लोक ‘ऑन लाईन’ उभे राहतात. पहिल्या वर्षी दुकानातल्या आजींनी मला विचारलं, "तू ऑन लाईन आहेस का?" मी म्हणालो, नाही, माझा फोन बंद आहे. त्यांनी माझा नंबर घेतला आणि पुढे उभ्या राहिल्या.

गवंड्याची लेक

काल वर्गात नेलं सगळं. लाईनदोरी घेऊन गेले. दोन मुलांना दोन टोकं धरायला दिली आणि बाकीच्यांना तिच्या बाजूने उभं केलं. म्हणजे दोरी, रेघ आणि रांग एकाच वेळी. बाणा सर, उभं करताना "रांग लावा" म्हणाले, आणि इथून पुढेही तेच म्हणणार. मग जो मुलगा "लाईट" म्हणाला होता त्याला काळी माती दादांचं रात्रीच्या लाईनीचं वाचायला दिलं. तो वाचताना मध्येच थांबून म्हणाला, "बाई, माझे आजोबा पण असंच जातात." त्याच्या घरी ऊस आहे.

मावशींची गोष्ट सांगितली तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. त्या कोपरखळीवाल्या दोघांपैकी एकाने विचारलं, "मग त्यांचा मुलगा वाचला का?" मला उत्तर देता आलं नाही. रात्रपाळी ताई, सांगण्यासारखं असेल तर सांगा.

घरी आल्यावर वडिलांना विचारलं, लाईनदोरी म्हणजे लाईन कुठली आणि दोरी कुठली? ते म्हणाले, "पिशवीत असती तवा दोरी. ताणली की लाईन."

आता पोरांना जवसाचं झाड बघायचंय. आमच्याकडे कुणी पेरत नाही. शाळेच्या मागे दोन वाफे रिकामे आहेत.

रात्रपाळी

वाचला. बावीस दिवसांनी स्वतःच्या पायाने चालत गेला. मुलांना सांगा.

काळी माती

ताई, पत्ता कळवा, अर्धा किलो बियाणं धाडतो. दोन वाफ्याले मूठभर पुरते, बाकीच्याची चटणी करा. कढईत कोरडं भाजायचं, तडतडलं की उतरवायचं, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून कुटायचं.

पेरणी दसऱ्यानंतर करा, थंडी सुरू होता होता. लय पाणी नका देऊ. आपल्याकडची जात तेलाची आहे, बुटकी अन् फांद्यावाली. लिननवाली उंच असते. म्हणून आपल्या ताटाचा धागा आखूड निघते, पण निघते. बोंडं पिकली की ताटं उपटून बादलीत पाण्यात सडू द्या, साल सुटली की वाळवून हातानं चोळा.

फुलं निळी येतात. पोरायले शाळा भरल्या भरल्या दाखवा. दुपारच्या सुट्टीपर्यंत पाकळ्या गळून जातात.